रंगपटातला उजेड : एम९ साठी फ्लॅश (प्रकल्प नोंदी)

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार. पुणे

देवदिवाळी झाली की तळकोकणात जत्रा सुरू होतात आणि मामाच्या रात्री दशावताराच्या होतात. दिवसा तो सुतारकाम करतो. या हंगामात त्याच्या कंपनीच्या रंगपटाचे फोटो काढायचे ठरवले आहे. रंगमंचाचे नाहीत. नट तोंडाला रंग लावतो, हातातल्या आरशात बघून भुवई कोरतो, मुकुट बांधून घेतो, तो तास-दीड तास मला हवा आहे. लहानपणापासून तो तास मला नाटकापेक्षा जवळचा वाटत आला, आणि त्याचा एकही धड फोटो आमच्या घरात नाही.

गेल्या वर्षी प्रयत्न केला होता. देवळाशेजारची पडवी, एकच एलईडी बल्ब, तोही बरोबर डोक्यावर. सगळ्यांच्या भुवयांखाली डोळ्यांच्या जागी काळे खड्डे आले. मुकुट चढल्यावर तर अर्धा चेहरा सावलीत गेला. आयएसओ वाढवला की अंधारातलं दिसायला लागतं, पण उजेड वरून येतो तो वरूनच येत राहतो. डोळे दिसायला हवेत तर समोरून किंवा बाजूने थोडा उजेड आणावाच लागेल. म्हणून फ्लॅश.

कॅमेरा लायका एम९, जुना घेतलेला. २००९ च्या सप्टेंबरात हे मॉडेल आलं, तेव्हा पूर्ण ३५ मिमी आकाराचा सेन्सर असलेला हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून बघून, दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) होता. १८ मेगापिक्सेलचा सीसीडी. आयएसओ २५०० पर्यंत जातो, पण ८०० च्या पुढे मला त्याचा रंग आवडत नाही. फ्लॅशच्या दृष्टीने त्याच्या तीन गोष्टी डोक्यात ठेवायच्या. सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा सर्वांत वेगवान शटर, १/१८० सेकंद, शटरच्या चकतीवर तिथे विजेचं चिन्ह आहे. वर एकच हॉट शू, म्हणजे फ्लॅशचा पाय सरकवायची खाच. आणि फ्लॅशची वायर लावायला अंगावर वेगळं भोक नाही, जे काही होईल ते त्या शूमधूनच.

२१ मिमी लेन्स वापरायचा विचार आजच सोडला. एम९ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये फ्रेमलाइन (फोटोची चौकट दाखवणाऱ्या रेषा) २८ पासून पुढच्याच आहेत, त्यामुळे २१ साठी बाहेरून वेगळा फाइंडर बसवावा लागतो, आणि तो बसतो त्याच शूवर. फ्लॅश किंवा फाइंडर, दोन्ही नाही. ३५ मिमीवरच सगळं काम करणार.

५ ऑक्टोबर, शनिवार

काका लग्नाचे फोटो काढायचे. त्यांचा जुना जपानी फ्लॅश माळ्यावर होता. वीसेक वर्षं बंद. चालू करून लगेच पूर्ण ताकदीने उडवायचा नाही हे काकांनीच फोनवर सांगितलं: "आधी नुसता भरू दे, दहा मिनिटं तसाच ठेव, मग बंद कर. दोन-तीन वेळा असं कर, कपॅसिटर परत ताळ्यावर येऊ दे." तसं केलं. संध्याकाळपर्यंत तो छान शिट्टी वाजवत भरायला लागला. उजेड जोरदार, समोर स्वतःचा सेन्सर, दोन ऑटो रेंज. मी खूश.

मग मल्टिमीटर काढला. फ्लॅश चालू, तयार असल्याचा दिवा लागलेला, एक टोक पायाच्या मधल्या बिंदूला आणि दुसरं कडेच्या पट्टीला. आकडा १९६ व्होल्ट.

यात फ्लॅशचा दोष नाही. त्या काळच्या कॅमेऱ्यात हॉट शूच्या आत धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि फ्लॅश उडायचा, त्यांना २०० व्होल्टचं काही वाटत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात तेच काम इलेक्ट्रॉनिक स्विच करतो, आणि तो एवढ्या दाबाला जळू शकतो. आंतरराष्ट्रीय मानकात कॅमेऱ्याने २४ व्होल्ट सोसावेत अशी अपेक्षा आहे. मी माझी मर्यादा १० व्होल्ट ठेवली आहे. जुना फ्लॅश घेताना ब्रँड, ताकद, किंमत हे सगळं नंतर. पहिला प्रश्न व्होल्टचा. काकांचा फ्लॅश कापडात गुंडाळून परत ठेवला. त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरं झालं मोजलंस."

१३ ऑक्टोबर, रविवार. कुडाळ

दसऱ्याला घरी आलो. येताना पुण्यातल्या मित्राकडून लायकाचाच एसएफ २४डी फ्लॅश आठ दिवसांसाठी मागून आणला. हा एम९ शी 'बोलतो', म्हणजे शूमधल्या मधल्या बिंदूशिवाय इतर बिंदूंवरूनही दोघांची देवाणघेवाण होते. छोटा, हलका, कॅमेऱ्यावर शोभणारा. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, आयएसओ १०० ला २४.

त्याचं टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशची ताकद ठरवणं) कसं चालतं हे समजून घ्यायला दुपार गेली. फिल्मच्या काळात एम६ टीटीएल आणि एम७ मध्ये फ्लॅश पेटलेला असतानाच फिल्मवरून परत येणारा उजेड मोजत आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडत. डिजिटल सेन्सरचा पृष्ठभाग त्यासाठी नीट चालत नाही. म्हणून एम८ (एम९ च्या आधीचं डिजिटल मॉडेल) आणि एम९ मध्ये आधी एक बारीक झगमग होते. ती लेन्समधून येऊन बंद शटरच्या पात्यांवर पडते, तिथून मोजली जाते, आणि मग शटर उघडून खरा फ्लॅश उडतो. लेन्स काढून शटरकडे पाहिलं तर मधली पाती फिकट रंगवलेली दिसतात, ती यासाठीच.

आईला खुर्चीत बसवलं. तिच्या साध्या फिकट साडीत सगळे फोटो बरोबर आले. मग मी तिला संक्रांतीची चंद्रकळा खांद्यावरून घ्यायला सांगितली. काळ्या कापडाने फ्रेमचा मोठा भाग व्यापला आणि आईचा चेहरा उजळून पांढुरका झाला. साहजिक आहे. परत आलेला उजेड मोजणारी कुठलीही युक्ती काळ्यासमोर जास्त उजेड ओतते आणि पांढऱ्यासमोर हात आखडते. भरपाईचा आकडा उणे करून ते सावरता येतं. पण मला दिसत होता संकासूर. आडदशावतारातला, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागातला, संकासूर नखशिखांत काळा असतो, आणि त्याच्या शेजारी पांढरं धोतर नेसलेला भटजी. रंगपटात दोघं एकाच बाकावर बसतात.

आणखी एक अडचण, ती पूर्णपणे कुडाळची. एसएफ २४डी ला सीआर१२३ लिथियम बॅटऱ्या लागतात. बाजारपेठेतली चार दुकानं फिरलो, नाहीत. रात्री दोन वाजता जत्रेत तर पेन्सिल सेलच मिळणार, तेही नशीब असेल तर. लायकाचाच मोठा फ्लॅश एसएफ ५८ पेन्सिल सेलवर चालतो, पण एम९ वर तो ठेवला की कॅमेरा डोकंजड होतो आणि एका हाताने धरून फोकस करायची माझी सवयच मोडते.

१९ ऑक्टोबर, शनिवार. मुंबई

फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं पालथी घातली. यादीत तीनच अटी होत्या: पायावर दहा व्होल्टच्या आत, फ्लॅशचा स्वतःचा सेन्सर असलेला ऑटो मोड, आणि हाताने ताकद कमी करता येणं, निदान १/१६ पर्यंत.

कॅननचे टीटीएलवाले फ्लॅश भरपूर होते आणि स्वस्तही. पण त्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःचा सेन्सर नाही. मोजमाप सगळं कॅननचा कॅमेरा करणार. एम९ वर ते नुसते हाताने चालवायचे फ्लॅश होतात. निकॉनने मात्र तो जुना 'ए' मोड बरीच वर्षं जपला. फ्लॅशवर आयएसओ आणि ॲपर्चर (लेन्सच्या भोकाचा आकडा) सांगायचं, लेन्सवर तेच लावायचं, फ्लॅश पेटला की त्याच्या पोटावरचं छोटं भिंग परतीचा उजेड बघतं आणि पुरे झालं की थायरिस्टर नावाचा स्विच उरलेली वीज राखून ठेवतो. कॅमेऱ्याने फक्त मधल्या बिंदूवर 'उड' एवढंच म्हणायचं असतं. ते तर कुठलाही कॅमेरा म्हणतो.

एसबी-२८ घेतला. १९९७ चं मॉडेल. दुकानदाराने मल्टिमीटर लावू दिला, पाच व्होल्टच्या आत. डोकं वर वळतं, मागे फिरतं. चार पेन्सिल सेल. झूम ३५ वर असताना गाइड नंबर ३६. ताकद १/६४ पर्यंत उतरते. बॅटरीच्या कप्प्यात हिरवं काही साचलेलं नाही हे दोनदा बघितलं.

२० ऑक्टोबर

पायाचे चार बिंदू आणि लायकाच्या शूचे बिंदू एकमेकांसमोर येत नाहीत. मधला सगळ्यांचा एकाच जागी, बाकीचे ज्याचे त्याचे. चुकीच्या जागी टेकून गोंधळ नको म्हणून मधला सोडून तिन्ही बिंदूंवर पातळ चिकटपट्टी लावली. शंभर वेळा उडवला, शंभर वेळा उडाला.

आज एक गोष्ट पुन्हा अनुभवली आणि लिहून ठेवावीशी वाटते. एसएलआरमध्ये फोटोच्या क्षणी आरसा वर जातो, डोळ्यासमोर काळोख होतो, आणि आपला स्वतःचा फ्लॅश आपल्यालाच दिसत नाही. रेंजफाइंडरमध्ये खिडकी उघडीच असते. उजेड चेहऱ्यावर पडताना दिसतो. कोणी डोळे मिटले हे पडदा न बघता कळतं, उजेड कुठल्या गालावर पडला तेही कळतं. रंगपटात नट माझ्यासाठी थांबणार नाहीत, तिथे याची किंमत फार मोठी आहे.

३ नोव्हेंबर, भाऊबीज. कुडाळ

मामा ओवाळून घ्यायला आला. जेवणानंतर पडवीत बसवून त्याच्यावर 'ए' मोड तपासला. कौलारू छप्पर. लग्नाच्या हॉलमध्ये करतात तसं डोकं वर वळवून छतावरून उजेड उतरवायला गेलो तर सगळा उजेड काळ्या वाशांनी गिळला, आणि जो खाली आला तो कौलांचा तांबूस रंग घेऊन. मग आईने पांढरी चादर दिली, ती दांडीवर वाळत घालतो तशी बाजूला टांगली आणि फ्लॅशचं डोकं तिच्याकडे फिरवलं. खिडकीतून यावा तसा उजेड आला. डोकं कुठेही फिरवलं तरी पोटावरचा सेन्सर समोर मामाकडेच बघत राहतो, त्यामुळे हिशेब आपोआप जुळतो. चादरीवरून किती उजेड परतला याचं गणित मला करावं लागत नाही.

पण तीच चंद्रकळा मामाच्या अंगावर टाकली आणि तेच झालं. चेहरा पांढुरका.

मामाला सांगितलं की काळ्या कपड्याला उजेड मोजून चालत नाही, अंतर मोजायला लागतं. फ्लॅशची ताकद ठरलेली, तर अंतर कळलं की ॲपर्चर कळतं: गाइड नंबर भागिले मीटर. कापड काळं असो की पांढरं, भागाकार तोच. आणि रेंजफाइंडर म्हणजे मुळात अंतर मोजायचंच यंत्र आहे. दोन प्रतिमा एकमेकींवर आणल्या की लेन्सच्या कड्यावर मीटर लिहून येतात. मी इतके दिवस कॅमेऱ्याशी बोलणारा फ्लॅश शोधत होतो, आणि कॅमेरा तर हवा तो आकडा माझ्या डाव्या हाताच्या बोटाखाली दर वेळी देतच होता.

मामाने सगळं ऐकून घेतलं आणि नेमका तिथेच बोट ठेवलं जिथे माझं गणित कच्चं होतं. "फ्लॅश कॅमेऱ्यार ना ठेवता पोराच्या हातात दिलंस, तर तुझा अंतर कसा चलात? उजेड पोराकडसून येतलो."

खरं आहे. अंतर फ्लॅशपासून माणसापर्यंतचं धरायचं. बाजूने उजेड हवा असेल तर लेन्सच्या कड्यावरचा आकडा उपयोगाचा नाही.

"मग टेप कशाक? सुतळेक गाठी मार. फ्लॅशाक बांध."

आणि जाताना, चपला घालता घालता: "रंगपटात काय ता मार, भाच्या. रंगमंचार मात्र मारू नको. डोळ्यार आला तर माका फुडचा वाक्य सुचाचा नाय." तसंही ते ठरलेलं होतंच, पण त्याने तोंडाने सांगितलं म्हणून इथे लिहितो.

१६ नोव्हेंबर, शनिवार. पुणे

रंगाची बाब. बल्ब पिवळट, फ्लॅश दुपारच्या उन्हासारखा पांढरा. दोन्ही एकत्र आले की चेहरा निळसर आणि मागची भिंत केशरी दिसते. नाटकाच्या लाइटवाल्या मित्राकडून केशरी जिलेटिनचा तुकडा आणला, फ्लॅशच्या तोंडाएवढा कापला. आता फ्लॅश बल्बाच्या जातीचा झाला. त्यात सुमारे एक स्टॉप उजेड जातो, म्हणजे निम्मा.

मग सुतळी. पूर्ण ताकदीला ३६, १/१६ ताकदीला त्याचा चौथा हिस्सा म्हणजे ९. आयएसओ ४०० ला दुप्पट, १८. जिलेटिन धरून सुमारे १२.७. सुतळीला १.६ मीटरवर पहिली गाठ, तिथे एफ/८. २.३ वर दुसरी, ५.६. ३.२ वर तिसरी, ४. ४.५ वर चौथी, २.८. अंतराच्या गाठी आणि ॲपर्चरचे आकडे एकाच पटीने चालतात, त्यामुळे गाठ मोजली की आकडा पाठच होतो. घरात दहा फ्रेम काढून पाहिल्या. लहान खोलीत पांढऱ्या भिंतींमुळे अर्धा स्टॉप जास्त येतो. पडवी तीन बाजूंनी उघडी, तिथे तसं होणार नाही.

शटर १/३० ठेवणार. आयएसओ ४००, एफ/४ ला बल्बाचा उजेड दोनेक स्टॉप कमी पडेल, म्हणजे पडवी काळीठिक्कर न होता मंद दिसत राहील. स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, १/१८० ला फ्रेममध्ये पट्टे येऊ शकतात. १/३० मध्ये तीन लुकलुकी मावतात.

काळ्या कपड्याबद्दल आणखी एक. एम८ घेतला असता तर संकासुराचा काळा कृत्रिम धाग्याचा झगा जांभळट आला असता, कारण त्याचा सेन्सर अवरक्त किरणांना फार संवेदनशील होता आणि लेन्सवर वेगळा फिल्टर लावावा लागे. एम९ मध्ये सेन्सरवरची काच ०.५ वरून ०.८ मिमी केली गेली, तो त्रास बहुतांशी गेला.

७ डिसेंबर, शनिवार. कुडाळजवळचं एक गाव

जत्रा. पालखी फिरून देवळात आली, अकरा वाजले. देवळामागच्या पडवीत पेटारा उघडला, पूजा झाली, नट बसले. पहिला अर्धा तास कॅमेरा बाहेर काढला नाही.

चादर दोन खांबांना बांधली, 'ए' मोड, एफ/४. झिंक पावडर खोबरेल तेलात कालवून चेहऱ्याला लावतात, तिच्यावर सरळ फ्लॅश पडला की कपाळ आणि नाकाचा शेंडा आरशासारखा चमकतो. चादरीवरून आलेला उजेड त्या तेलावर नुसता पसरला. राजपार्टीचा नट आरशात बघत होता. मी थोडा डावीकडे सरकलो, चादर आरशातून बाहेर गेली आणि आरशात फक्त त्याचा डोळा राहिला.

एक वाजता संकासूर तयार व्हायला बसला. फ्लॅश उतरवला, हॉट शूवर अडॅप्टर लावून लांब वायर जोडली, फ्लॅश पेटीवाल्याच्या मुलाच्या हातात दिला. वय बारा. सुतळीचं टोक संकासुराच्या खांद्याजवळ नेऊन दाखवलं: दुसरी गाठ इथे. त्याला एकदाच सांगावं लागलं. पुढे तो स्वतःच सुतळी ताणून बघायचा आणि हळूच म्हणायचा, "दुसरी." मी ५.६. तो मागे सरकला की, "तिसरी." मी ४.

९ डिसेंबर, सोमवार

फोटो बघितले. संकासुराच्या एकोणीस फ्रेमपैकी सतरा बरोबर. काळा झगा काळा आहे, पण त्याच्या चुण्या दिसतात, आणि लाल जीभ लालच आहे. दोन चुकल्या त्या मुलाची चूक नाही, मी गाठ ऐकूनही ॲपर्चर फिरवायचं विसरलो. चादरीवरच्या फ्रेम एकसारख्या आल्या, फक्त भटजीच्या पांढऱ्या उपरण्याने दोन-तीन ठिकाणी सेन्सरचा हात आखडला. ते संगणकावर सावरलं.

सेलचा एकच संच पुरला, कारण १/१६ वर फ्लॅश फारसा खातच नाही.

२२ डिसेंबर, रविवार. कुडाळ

दुसरी जत्रा काल झाली. पहाटे दहीहंडी फुटली, धयकालो संपला, रंग पुसताना मामाचा फोटो घेतला. अर्धा चेहरा अजून पांढरा, अर्धा त्याचा स्वतःचा. फ्लॅश बंद होता, पूर्वेकडून उजाडत होतं.

कामं राहिली: जिलेटिन एका कोपऱ्यात वितळल्यासारखं झालंय, नवा तुकडा कापायचा. पायाची चिकटपट्टी बदलायची. चौथी गाठ कधी लागलीच नाही, ती सोडून ०.८ वर एक नवी मारायची, एफ/१६ साठी, हातातल्या आरशाच्या जवळच्या फोटोंना. पेटीवाल्याच्या मुलासाठी त्याने उजेड धरलेल्या तीन फोटोंचे प्रिंट काढायचे. पुढची जत्रा पौष संपायच्या आत.